प्रज्ञा, तो डब्याचा सीन

प्रज्ञे,

अशी हाक मारली की तू पलीकडून म्हणायचीस, "बोल बालाजी, कायले बोंबलून राहिलास?" आता म्हणणार नाहीस हे माहीत आहे, तरी हाक लिहून झाल्यावर जरा थांबलोच. सवय आहे. माझ्या लातूरच्या स्टुडिओत, एडिटिंगच्या खोलीत तुझी खुर्ची आहे तिथंच आहे. पाठ दुखते म्हणून नांदेडहून आणलेली तुझी ती फुलाफुलाची उशीसुद्धा तिच्यावर तशीच आहे. ती उचलायची माझी काही हिंमत होत नाही.

लोक विचारतात, कशानं गेली? डेंग्यू, असं सांगतो. मग विचारतात, सिनेमाचं काय झालं? त्याचंच तुला सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, कारण भांडण तुझ्यामाझ्यातलं होतं. आणि तू ते अर्ध्यात टाकून निघून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस बघ.

आठवतं का, पुण्याची नोकरी सोडून तू पहिल्यांदा स्टुडिओत आलीस तो दिवस? मी एका लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या उडवत होतो. तू मागं उभी राहून बघितलंस आणि म्हणालीस, "इंजिनिअरिंग याच्यासाठी केलंस का रे?" मी म्हणलं, "तू तरी काय दिवे लावलेस?" नांदेडला कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलेली माणसं अशीच बोलणार. मग तू बसलीस, चहा मागवलास आणि म्हणालीस, "बालाजी, आपण सिनेमा काढायचा. थ्रिलर. एका कंपनीचा घोटाळा."

थ्रिलर म्हणल्यावर मी एकदम खूश! रेणापूरजवळच्या खेड्यातलं पोरगं मी, टुरिंग टॉकीजच्या कनातीखालून शिरून सिनेमे बघितलेले. माझ्या डोक्यात लगेच गाड्या पळायला लागल्या, काचेची ऑफिसं फुटायला लागली. तू मात्र गोष्ट सांगायला लागलीस ती लातूरच्या क्लासची.

क्लासमध्ये पोरांना टॅबलेट देतात. त्यातला कॅमेरा पोराच्या तोंडाकडं बघत राहतो. लक्ष असलं तर हिरवा दिवा, नसलं तर लाल, आणि तो दिवा रोज गावाकडं आईबापाच्या मोबाईलवर. आईबाप काय करणार? कंपनी म्हणते म्हणजे खरंच असणार. आणि कंपनीत काम करणाऱ्या सविताला एक दिवस कळतं, की होस्टेलच्या मंद उजेडात काळ्यासावळ्या तोंडाला हे ॲप लालच दिवा देतं, पोरगं कितीही मान मोडून अभ्यास करत असलं तरी. मालकाला हे माहीत आहे. सांगितलं तर धंदा बसतो, म्हणून कुणी सांगत नाही. लाल दिव्यांपायी एका हुशार पोरीला बाप क्लासमधून काढून घरी नेतो, आणि सविताचं डोकं फिरतं. सिनेमाचं नाव तू आधीच ठरवून आली होतीस, 'लक्ष कुठंय?'.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी कशाला सांगायला पायजे? पुण्यात असलंच एक मी बनवत होते. घरून काम करणाऱ्यांवर नजर ठेवायला. टेस्टिंगला पहिल्यांदा मीच बसले. पहिला लाल दिवा माझ्याच तोंडाला लागला."

तू हे हसत सांगितलंस म्हणून मीही हसलो. मग तू म्हणालीस, मीटिंगमध्ये बोलले, ते म्हणाले पुढच्या वेळी बघू. वरच्या साहेबांना मेल केली, मग अजून वरच्यांना. मी आपला थ्रिलरच्या नादात, "मग? धमकी दिली? माणसं मागं लावली?"

"न्हाई रे," तू म्हणालीस. "कुणी काहीच केलं न्हाई. फक्त दुसऱ्या दिवसापासून मला कुणी डबा खायला बोलावलं न्हाई."

तुझा तो डबा मला पाठ झालाय. ऑफिसात तुम्ही सगळ्याजणी एका टेबलावर डबे मध्ये सरकवून जेवायच्या. तू तुझ्या डब्याचं झाकण उलटं करून बाजूला ठेवायचीस, आणि तुझी मैत्रीण कीर्ती पहिल्यांदा त्यात तिच्याकडची मेथीची भाजी वाढायची. मग बाकीच्या. मेल गेल्यावर त्या लवकर जेवायला लागल्या. एक दिवस तू मुद्दाम वेळेवर गेलीस, बसलीस, झाकण उलटं करून ठेवलंस. कुणी मान वर केली नाही. कीर्तीनंसुद्धा नाही. तू जेवलीस, रिकामं झाकण उचलून डब्याला लावलंस आणि उठलीस. राजीनामा त्याच आठवड्यात दिलास.

मी भीतभीतच विचारलं होतं, जातीचं होतं का गं? तू म्हणालीस, "जातीचं असतं तर मला लगेच कळलं असतं बालाजी. ते ओळखायचं आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत न्हाई. हे येगळं होतं. त्या भ्याल्या होत्या. पण घास तसाच अडकतो रे. माझ्या आज्जीला अडकायचा तसाच." माझ्या घरी, आमच्या खेड्यात, कुणाला कुठं बसवून वाढायचे ते मी बघितलेलं आहे. तूच माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणालीस, "चहा सांग अजून एक."

एवढं ऐकूनसुद्धा मी अडून बसलो, हेच तर आपलं भांडण. सिनेमाचा शेवट त्या डब्यावर करायचा असा तुझा हट्ट. मी म्हणायचो, बाई गं, थ्रिलर आहे, शेवटी धावपळ पाहिजे. सविता पुरावे घेऊन पळते, मालकाची माणसं मागं, रेल्वे स्टेशन, सुटलेली गाडी! तू म्हणायचीस, "मराठवाड्याच्या उन्हात कोण कुणाच्या मागं पळतंय रे? मागं लागणारी माणसंच आधी रसवंतीवर बसतील."

मालकाच्या कामासाठीसुद्धा मला कुणीतरी सूटबूटवाला, इंग्रजी फाडणारा पाहिजे होता. तू धरून आणलंस आपल्या बिरादारसरांना. लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा माणूस, पोट सुटलेलं, तोंडात सदा बेटा-बेटा. त्यांनी कॅमेऱ्यासमोर सविताला स्वतःच्या हातानं मोसंबी सोलून दिली आणि म्हणाले, "जेवलीस का बेटा? हे बघ, ॲप चुकत नसतंय. पोरं चुकतेत." माझ्या अंगावर काटा आला. शॉट संपल्यावर सर घाबरून विचारतात, "लईच वाईट वाटलो का?" तेव्हा मान्य केलं नव्हतं, आता करतो. व्हिलनच्या बाबतीत तुझंच बरोबर होतं.

पण धावपळ मी सोडली नाही. शेवटी तू माझ्यासाठी उदगीरला येऊन स्टेशनवरची पळापळ शूट केलीस. दोन्ही शेवट शूट करू, मग बघू, असं ठरलं. धावून धावून सविताचं काम करणाऱ्या पोरीची चप्पल तुटली. तू मॉनिटरवर बघून म्हणालीस, "भारी झालंय." मी उड्या मारल्या. तू पुढं म्हणालीस, "पण खोटं हाय."

आणि डब्याचा सीन! आगं माय, तो दिवस कसा विसरू! पुण्याच्या ऑफिसातल्या बाया म्हणून आपण लातूरच्याच बाया आणून बसवल्या होत्या. त्यात मंगलताई, क्लासच्या पोरांची मेस चालवणाऱ्या. डबेही त्यांच्याच मेसचे. तू बजावून सांगितलं होतंस, सविता येऊन बसेल, झाकण ठेवेल, कुणी तिच्याकडं बघायचं नाही. ॲक्शन म्हणलीस. सविता बसली. झाकण ठेवलं. आणि मंगलताई म्हणाल्या, "घे की माय, वांगं घे थोडं."

कट.

"ताई, वाढायचं नाहीये!" तू ओरडलीस. "हाव, हाव, चुकलं," म्हणाल्या. दुसऱ्या टेकला मंगलताई गप्प राहिल्या तर शेजारच्या बाईनं भाकरीचा तुकडा सरकवला. तिसऱ्या वेळी तोंडानं कुणीच बोललं नाही, पण टेबलाखालून सविताच्या मांडीवर ज्वारीचं धपाटं पोचलं होतं. ते कॅमेऱ्यात दिसलं नाही, पोरगी हसली म्हणून कळलं. मी डोक्याला हात लावला. मंगलताई रडकुंडीला आल्या, "मला जमत न्हाई बाई. समोर पोरगी उपाशी बसलीय आन् मी गिळू कशी? असल्या कोण बाया हायत तुझ्या सिनेमात?"

तेव्हा तू उठलीस आणि त्यांच्यामध्ये जाऊन बसलीस. सगळं सांगितलंस. कीर्तीचं नाव घेतलं नाहीस, तिच्यावर राग धरून बोललीही नाहीस. उलट म्हणालीस, "त्या वाईट नव्हत्या ताई. घराचे हप्ते होते, लेकरं होती. त्यांना भ्या वाटलं." मंगलताईंनी डोळ्याला पदर लावला. "म्हंजे हे तुझ्यासंगट झालं?" तू मान हलवलीस.

त्यानंतर पुढचा टेक. सगळ्या खाली मान घालून जेवत होत्या. मंगलताईंचा हात भाजीपाशी जायचा आणि परत यायचा. सविता जेवली, झाकण लावलं, उठली. तू कट म्हणलीच नाहीस बराच वेळ. मग म्हणलीस आणि मंगलताईंनी त्या पोरीला ओढून जवळ बसवलं आणि घास भरवायला लागल्या. तूही तिथंच बसलीस, तुझ्या पुढ्यात तर ढीग लागला. तुला इतकं पोटभर जेवताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

तरीही एडिटला बसल्यावर मी तो सीन निम्म्यावर आणला. तू म्हणालीस, "ती झाकण लावेपर्यंत कट करायचं न्हाई." मी म्हणलं, "एवढा वेळ नुसतं जेवण दाखवलं तर लोक उठून जातील."

"न्हाई जाणार."

"जातील, प्रज्ञे. मी लग्नाच्या कॅसेटी कापून मोठा झालोय, लोक कधी उठतात ते मला कळतं."

दवाखान्यातून तुझा शेवटचा फोन आला तोही याच्यावरच. आवाज बसला होता तुझा. मी तब्येत विचारतोय आणि तू विचारतेस, "कापलास का?" म्हणलं, "आधी बरी हो, मग भांडू." तू म्हणालीस, "राखून ठेव भांडण. येते." मी "बरं" म्हणलं आणि फोन ठेवला. किती साधं बोललो बघ. मला म्हणायचं होतं की तू परत आलीस, मला त्या पाकळ्यांमधून बाहेर काढलंस, त्यानंतर मला सकाळी उठावंसं वाटायला लागलं. ते म्हणायला वेळ आहे असं वाटलं. आता इथं लिहून काढतोय, पण ते तुझ्या कानावर जायला पाहिजे होतं गं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला नांदेडला आलो. अहमदपूर-लोह्याचा तोच आपला नेहमीचा रस्ता, पण एसटीत शेजारची सीट रिकामी होती आणि कुणी बसायला आलं की राग येत होता. भंतेजींनी वंदना घेतली. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या. लेक गेली तरी काकू कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना जेवायला बसवत होत्या. काका गेले तेव्हाही अशाच होत्या म्हणे, रेल्वे ऑफिसातले लोक आले तर आधी जेवण विचारत होत्या.

मंडपाच्या कडेला एक बाई ताट घेऊन उभी होती. पुण्याहून आलेली. रांगेत जागा होती, पण बसत नव्हती. मी पाणी द्यायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही बालाजी का? मी कीर्ती."

खरं सांगतो, माझं डोकं सणकलं. इथं यायचं तोंड कसं झालं हिला? ओरडून सगळ्यांना सांगावं, हीच ती, असं वाटलं. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं असणार. ती म्हणाली, "तो डब्याचा सीन सिनेमात आहे का?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"प्रज्ञानं लिहून पाठवला होता मला. असंच झालं होतं ना, विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही."

मी म्हणलं, "अजून ठरलं नाही. कदाचित कापू."

"कापू नका. तिनं त्यात मला होते त्यापेक्षा चांगलं दाखवलंय. पण सीन ठेवा. मी तिथं होते."

तेवढ्यात काकू आल्या. त्यांना काय माहीत कोण कीर्ती! "अगं बाई, उभी कामून? बस की."

"काकू, मी आणि प्रज्ञा रोज एकत्र जेवायचो," कीर्ती कशीबशी म्हणाली.

"मग बस माय. तिच्या वाटचं जेव." काकूंनी तिचा हात धरून खाली बसवलं आणि स्वतः वाढलं. ती बाई ताटावर वाकून हुंदके देऊन रडली. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. नाही वाटलं. मी तिच्याशेजारी बसलो आणि जेवलो. तुला हेच करायला आवडलं असतं, एवढं मला कळतं.

परत येऊन तो सीन पहिल्यासारखा लांब केला. झाकण लागेपर्यंत. उदगीरची सगळी पळापळ काढून टाकली. मुंबईच्या ओटीटीवाल्याला दोन्ही शेवट बघायला पाठवले होते. त्याचा फोन आला, "चेसवाला शेवट टाका, पळापळीचा, लगेच घेतो. दुसरा जरा थंड आहे." तू असतीस तर काय म्हणाली असतीस याचा मी क्षणभर विचार केला. म्हणजे तू असतीस तर मी त्याच्या बाजूनं भांडलो असतो! आता भांडायला समोर कुणी नाही म्हणून तुझी बाजू मलाच घ्यावी लागली. नाही म्हणलं त्याला. सिनेमा आता मोबाईलवर कधी येईल, येईल की नाही, देव जाणे. बिरादारसर म्हणतात, क्लासच्या हॉलमध्ये दाखवू, पोरांच्या आईबापांना बोलावू. सरांची छाती आहे, त्यांच्याच क्लासमध्ये टॅबलेट आहेत.

पण पहिला खेळ नांदेडलाच पाहिजे होता. गेल्या रविवारी दुपारी एक छोटा हॉल मिळाला. आपली सगळी माणसं आली. मंगलताई मेस बंद ठेवून आल्या. काकू पहिल्या रांगेत, शेजारी कीर्ती. काकूंनीच तिला फोन करून बोलावलं होतं. कीर्तीनं त्यांना आधी सगळं सांगितलंय, हे मला तिथं कळलं. काकू काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही. दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

मी मागं भिंतीला टेकून उभा राहिलो. सिनेमा नाही, लोकच बघत होतो. सरांनी मोसंबी सोलली तेव्हा एकानं शिवी घातली, सर खूश. मग शेवट आला. सविता येऊन बसली. झाकण उलटं करून ठेवलं. कुणी बोलेना, कुणी वर बघेना. मी हॉलमधल्या खुर्च्या बघत होतो, आता कोण उठतंय. मनात म्हणत होतो, बघ प्रज्ञे, आता उठतील.

आणि उठलं की गं एक माणूस. काकू.

आधी त्यांचा आवाज आला, मोठ्यानं, "अगं वाढा की कुणीतरी तिला!" मग त्या उठल्या आणि अंधारात पडद्याकडं चालायला लागल्या. हात पुढं केलेला, वाढायला करतात तसा. कीर्ती मागं धावली, त्यांना धरलं. दोघी पडद्याखाली उभ्या राहिल्या. वर सविता एकटी जेवत होती.

प्रोजेक्टरचं मशीन माझ्या हाताशी होतं. बंद करावं वाटलं. केलं नाही. ती झाकण लावेपर्यंत चालू दिलं.